विज्ञानकथांच्या संग्रहात दोन पुरुषांचे घर

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मराठी विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांच्या संग्रहांचा आढावा घेणारा एक सविस्तर लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकताच प्रसिद्ध झाला. लेखकाने परग्रह, यंत्रमानव, कालप्रवास, जनुकबदल, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा विषयांनुसार कथांची मांडणी केली होती आणि ती मला आवडली. परंतु या कथांमधली माणसे घरी परततात तेव्हा त्यांची वाट कोण पाहत असते, याचा विचार त्या लेखात कुठेच नव्हता. यात लेखकाचा दोष नाही. सोलापुरातील एका सार्वजनिक ग्रंथालयात मी ३१ वर्षे देवघेव विभागात काम केले. या प्रकारचे जे संग्रह आणि दिवाळी अंक त्या काळात माझ्या हातांखालून गेले, त्यांत दोन पुरुषांचे किंवा दोन स्त्रियांचे घर मला आढळले नाही. माणूस गुरूच्या चंद्रावर वस्ती करतो, यंत्रमानवाच्या प्रेमात पडतो, स्वतःच्या न जन्मलेल्या नातवाला भेटून येतो, मात्र त्या चंद्रावरच्या वस्तीतही प्रत्येक दाराआड नवरा, बायको आणि मुले एवढेच असतात. या उणिवेविषयी हे पत्र आहे.

हा प्रश्न मला स्वतःहून सुचलेला नाही, हे आधी कबूल करते. तो एका वाचकाने विचारला. पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराच्या घरातला हा मुलगा, घरी तेलुगू आणि शाळेत मराठी बोलणारा. दर शनिवारी संध्याकाळी यायचा आणि एका लेखकाचे सगळे संपवून मगच दुसऱ्याकडे वळायचा. जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे अशा क्रमाने तो पुढे गेला, आणि मध्ये नारायण धारपांनी त्याचे दोन पावसाळे घेतले. बारावीनंतरच्या एका शनिवारी पुस्तक परत करताना त्याने खिडकीतून वाकून विचारले, "मॅडम, या गोष्टींत माझ्यासारखी माणसं का नसतात?" मला वाटले, तो विणकरांविषयी, तेलुगू घरांविषयी विचारतो आहे. मी त्याला कामगार वस्तीवरच्या दोन कादंबऱ्या काढून दिल्या. त्याने त्या निमूटपणे नेल्या, वाचल्या आणि वेळेत परत केल्या. त्याला खरोखर काय विचारायचे होते ते कळायला मला आणखी दोन वर्षे लागली, आणि तेही त्याने स्वतः लिहिलेली कथा माझ्या हातात दिली तेव्हा.

त्याच्या परवानगीने त्या कथेचा गाभा येथे सांगते. जेकार्ड मागावर चादर विणणारे दोन कामगार रात्रपाळीत शेजारशेजारच्या मागांवर उभे असतात. बाजारात नव्या जातीचे सूत आलेले असते. ते विणणाऱ्याच्या हातांची ऊब आणि दाब साठवून ठेवते, आणि तयार चादरीवर तळहात टेकला की विणणाऱ्याचा हात आपल्या हाताला लागल्यासारखा वाटतो. गिऱ्हाइके घाबरतात, कारखानदार तो सगळा माल मोडीत काढायला निघतो. अशातच दोघांपैकी एक जण आजाराने जातो. मागे राहिलेल्याला त्याच्या घरच्यांत जागा नाही, तेराव्यालाही कोणी बोलावत नाही. तो रात्री गोदामात शिरतो आणि मोडीतल्या चादरींच्या थप्प्या उलगडत, एकेका चादरीवर हात ठेवत, आपला माणूस शोधत राहतो. पहाटे पाळी सुटते तेव्हा त्याच्या खांद्यावर एक चादर असते. कथा इथे संपते. सोलापूरची चादर मी जन्मभर पांघरली, पण तिच्याविषयी इतके जवळून कोणी लिहिलेले मी वाचले नव्हते.

ही कथा त्याने एका दिवाळी अंकाकडे पाठवली. उत्तर आले, आणि ते सौम्य भाषेत होते: कल्पना नवी आहे, भाषा चांगली आहे, फक्त दोघांपैकी एकाला बाई करावे, म्हणजे अंकात घेता येईल.

त्या संपादकांच्या मनात काही वाईट होते असे मी म्हणत नाही. पण त्यांनी सुचवलेला बदल हा कथेचा कणा काढून टाकण्यासारखा होता, हे मला येथे जरा विस्ताराने सांगायचे आहे. दोन कामगार एका भाड्याच्या खोलीत राहतात, एका डब्यात जेवतात, याकडे कोणी वळून पाहत नाही, कारण मागांच्या वस्तीत एकटे पुरुष असेच राहतात. लोकांच्या या न पाहण्याचाच त्या दोघांना वीस वर्षे आडोसा मिळतो, आणि एकाच्या मृत्यूनंतर तोच आडोसा दुसऱ्याच्या अंगावर कोसळतो, कारण ज्याला कोणी नाते म्हणून पाहिलेच नाही त्याचे दुःखही कोणाला दिसत नाही. तिथे बाई आणली तर ती विधवा ठरते, तिच्याजवळ माणसे जमतात, तिला रडण्याची जागा मिळते, आणि मोडीच्या गोदामात अंधारात चादरी चाचपण्याचे कारणच उरत नाही. म्हणजे ते अद्भुत सूतही निरुपयोगी होते. कथेतला विज्ञानकल्पनेचा भाग आणि त्या दोघांचे पुरुष असणे हे एकाच धाग्याने विणलेले होते, आणि संपादकांना ते दोन सुटे धागे वाटले.

इंग्रजीतील विज्ञानकथेला हा धडा शिकायला बराच काळ लागला. थिओडोर स्टर्जन यांची 'द वर्ल्ड वेल लॉस्ट' ही कथा १९५३ साली एका मासिकात आली. दोन परग्रहवासी पृथ्वीवर येतात, त्यांच्या परस्परांवरील प्रेमाने सगळी पृथ्वी मोहून जाते, आणि मग त्यांच्या ग्रहाकडून ते फरारी असल्याचा निरोप येतो. त्यांना परत पोचवणाऱ्या यानात दोनच माणसे असतात, एक बोलका कप्तान आणि एक अबोल, कवितांची पुस्तके वाचणारा सहकारी. हे परग्रहवासी आपल्या मनातले वाचू शकतात हे त्या अबोल माणसाच्या लक्षात येते आणि तो घाबरून त्यांना मारायला निघतो, कारण त्याच्या मनात त्याने कोणालाही न सांगितलेली एक गोष्ट असते. मग ते दोघे चित्रे काढून त्याला समजावतात की त्यांच्या ग्रहावर नर आणि मादी दिसायला अगदी निराळे असतात, आणि हे दोघे एकाच लिंगाचे आहेत. तो त्यांना निसटू देतो. कप्तानाला हे कळते तेव्हा त्याला किळस येते, आणि ज्याच्यावर त्या अबोल माणसाचे प्रेम असते तो हाच कप्तान असतो. सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी, जेव्हा अमेरिकेत असे प्रेम गुन्हा होते, तेव्हा ही कथा छापली गेली. ती वाचताना मला चादरीची कथा आठवली, कारण दोन्हींमध्ये कल्पनेने उघडलेल्या दारातून एक न बोललेले प्रेम बाहेर येते.

पण एकटी कथा मासिकात येते आणि पुढच्या महिन्यात रद्दीत जाते. तिला टिकवतो तो संग्रह. हार्लन एलिसन यांनी १९६७ साली 'डेंजरस व्हिजन्स' हा संग्रह केला तो याच विचाराने, की मासिकांना ज्या कथा छापण्याचे धैर्य होत नाही त्या लेखकांनी खास या संग्रहासाठी लिहाव्यात. त्यात सॅम्युएल डिलेनी यांची 'अय, अँड गमोरा' ही कथा होती. अवकाशात काम करण्यासाठी लहानपणीच ज्यांचे लिंगत्व काढून टाकले आहे अशी माणसे आणि नेमकी त्यांचीच ओढ असणारी माणसे हा तिचा विषय, आणि विज्ञानकथांसाठी दिला जाणारा त्या वर्षीचा नेब्युला पुरस्कार तिला मिळाला. १९७२च्या 'अगेन, डेंजरस व्हिजन्स' या दुसऱ्या संग्रहात जोआना रस यांची 'व्हेन इट चेंज्ड' आली आणि तिलाही नेब्युला मिळाला. एका ग्रहावर साथीने सगळे पुरुष मेले आहेत, शेकडो वर्षे स्त्रियाच शेती करतात, यंत्रे चालवतात, एकमेकींशी लग्न करतात, मुली वाढवतात, आणि एके दिवशी पृथ्वीवरून पुरुष येऊन उतरतात. पाहुणा विचारतो की तुमची माणसे कुठे आहेत, आणि निवेदिकेला क्षणभराने उमगते की 'माणसे' म्हणजे त्याला पुरुष म्हणायचे आहे. हा प्रसंग समजायला मराठी वाचकाला टीप लागत नाही. दारावर आलेला विक्रेता दार उघडणाऱ्या बाईलाच विचारतो, "घरात कोणी माणूस नाही का?"

माझ्या भाचीने पुण्याहून पाठवलेल्या जुन्या खंडात ही कथा मिळाली आणि त्या मुलाला वाचता यावी म्हणून मी ती वहीत मराठीत उतरवू लागले. पहिल्याच पानावर अडले. इंग्रजीतला 'मी' स्वतःचे लिंग सांगत नाही. निवेदक आपल्या बायकोविषयी बोलतो आहे असे वाचून वाचक त्याला सहज पुरुष समजतो आणि थोड्या वेळाने स्वतःच्या त्या समजुतीवर अडखळतो. मराठीत 'मी गेलो' किंवा 'मी गेले' म्हणताच ती गंमत संपते. मग ध्यानात आले की मराठीतही आडोसे पुष्कळ आहेत. 'मी पाहिले', 'मी दार उघडले', 'मला आठवते', 'मी जाईन', 'मी जात आहे', 'मी जात नाही' या वाक्यांत बोलणारा पुरुष आहे की स्त्री, हे कळत नाही. सकर्मक भूतकाळ वापरला तर क्रियापद कर्माप्रमाणे चालते आणि कर्ता झाकलेला राहतो. या भाषेत पानेच्या पाने असे लिहिता येते आणि वाचकाला ते जाणवूही द्यावे लागत नाही. अर्सुला ले ग्विन यांनी याच प्रश्नाशी दीर्घकाळ झुंज घेतली. एरवी ना पुरुष ना स्त्री आणि महिन्यातून काही दिवस दोन्हींपैकी काहीही होऊ शकणाऱ्या माणसांवर त्यांनी १९६९ साली कादंबरी लिहिली, तिथे सगळ्यांना पुल्लिंगी सर्वनाम दिले, आणि पुढे स्वतःच लिहिले की त्या माणसांना केवळ भिन्नलिंगी संबंधांत कोंडण्याचे काहीच कारण नव्हते. त्याच जगावरची 'विंटर्स किंग' ही कथा १९७५ साली स्वतःच्या कथासंग्रहात घेताना त्यांनी 'राजा' हा शब्द तसाच ठेवला आणि सर्वनाम मात्र स्त्रीलिंगी केले. मराठीत ते 'राजा आली' असे होईल. मला हे दोन शब्द फार आवडतात. आपल्या व्याकरणाला ते खटकतात आणि त्या खटक्यातच ती सगळी कथा आहे.

या व्याकरणाचा आणखी एक उपयोग त्या मुलाने शोधला आणि त्याने मला झोप लागू दिली नाही. संपादकांचे पत्र आल्यावर त्याने आपली कथा प्रथमपुरुषी करून पुन्हा लिहिली. 'मी चादर उचलली', 'मी हात ठेवला', 'मला त्याचा खोकला ऐकू आला' अशा वाक्यांनी आठ पाने भरली होती. त्यांत एकही 'गेलो' नव्हता, एकही 'बसलो' नव्हता. ज्याला बाई वाचायची असेल त्याने बाई वाचावी, अशी ती सोय होती. मी कौतुकाने म्हटले, "किती कौशल्याने केलंस रे!" तो म्हणाला, "घरी मी रोज असंच बोलतो, मॅडम. कोणाबरोबर गेलो होतो, ते वाक्यातून काढून." मी माझे कौतुक परत घेतले. रस यांनी निवेदकाचे लिंग उशिरा उघड केले ते वाचकाला स्वतःची समजूत दिसावी म्हणून. या मुलाला ते झाकावे लागत होते ते छापून येण्यासाठी. कागदावर दोन्ही गोष्टी सारख्या दिसतात आणि तरी त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

इंग्रजीत पुढे केवळ याच विषयाला वाहिलेले संग्रहही झाले. १९८६ साली 'वर्ल्ड्स अपार्ट' हा समलिंगी स्त्री-पुरुषांवरील विज्ञानकथांचा आणि अद्भुतकथांचा संग्रह निघाला. निकोला ग्रिफिथ आणि स्टीफन पेजल यांनी 'बेंडिंग द लँडस्केप' या नावाने अद्भुतकथा, विज्ञानकथा आणि भयकथा असे तीन खंड १९९७ पासून काढले, आणि त्यांत समलिंगी लेखकांबरोबर भिन्नलिंगी लेखकांनाही लिहिते केले. 'लाइटस्पीड' मासिकाने २०१५च्या जून महिन्यात एक संपूर्ण अंक समलिंगी आणि तत्सम लेखकांच्या हाती सोपवला. असे संग्रह हवेत, मराठीतही हवेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ज्या लेखकांना एकमेकांचे अस्तित्वच ठाऊक नाही ते अशा पुस्तकात प्रथम एकमेकांशेजारी उभे राहतात.

तरीही देवघेवीच्या खिडकीआड तीन दशके काढल्यामुळे मला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. पुस्तकाचे नाव नोंदवहीत वाचकाच्या नावासमोर लिहिले जाते, पुष्कळदा मोठ्याने वाचून. रांगेत मागे शेजारचे काका उभे असतात. घरी नेलेले पुस्तक ठेवायला वेगळी खोली नसते, ते दिवाणावर, टीव्हीवर, देवघराच्या कपाटावर पडलेले असते आणि बहीण, आई, पाहुणे कोणीही ते उचलून चाळतो. वेष्टनावरच विषय लिहिलेला संग्रह अशा घरातल्या मुलामुलीला नेता येत नाही. पण एखाद्या साध्या विज्ञानकथासंग्रहात कालप्रवासाची एक, यंत्रमानवाची एक, मंगळाची एक आणि त्यांच्यामध्ये दोन स्त्रियांच्या संसाराची एक कथा असेल, तर ते पुस्तक घरात कुठेही ठेवता येते. ज्याला त्या कथेची गरज आहे त्याला ती सापडते. ज्याने ती कधीच मागितली नसती अशा वाचकाच्याही ती वाटेत येते, आणि माझ्या दृष्टीने हा दुसरा लाभ पहिल्याइतकाच मोठा आहे. म्हणून माझा आग्रह आहे तो अशा कथा इतर कथांच्या रांगेत बसण्याचा. दिवाळी अंक हे आपले खरे वार्षिक कथासंग्रह आहेत. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरात एकच अंक आजोबा, सून आणि नात असे सगळे जण वाचत आले आहेत. इतकी मोठी सोय दुसऱ्या किती भाषांना आहे?

हा विषय आपल्या मातीतला नाही असे कोणी म्हणेल, म्हणून थोडे लिहिते. विजयदान देथा यांची 'दोहरी जूण' ही राजस्थानी कथा लोककथेच्या घाटाची आहे. दोन शेठजी आपल्या न जन्मलेल्या मुलांची लग्ने ठरवून ठेवतात, दोघांनाही मुली होतात, एक जण लोभापायी आपली मुलगी मुलगा म्हणून वाढवतो आणि लग्न लावून देतो. खरे उघड झाल्यावर त्या दोघी वेगळ्या होण्यास नकार देतात. गाव त्यांना ठेवत नाही, भुते ठेवतात. भुतांच्या सरदाराच्या वराने एक जण पुरुष होते, आणि पुरुष होताच ती नवरेपणा गाजवू लागते. पश्चात्ताप होऊन ती पुन्हा स्त्री होते आणि दोघी सुखाने नांदतात. परग्रह नाही, यान नाही, पण अद्भुतकथा समलिंगी प्रेमासाठी जे काही करू शकते ते सगळे या एका कथेत आहे. राजस्थानीत ती लिहिली गेली, मग मराठीत तशी कथा लिहायला काय आड येते?

मराठीतही वास्तववादी लेखनाने हा उंबरा केव्हाच ओलांडला आहे. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या खाजगी प्रश्नांना उत्तरे दिली जात, त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही असत, आणि त्या उत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला चालला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे नाटकाने आणि कादंबरीने जे केले ते करायला विज्ञानकथा आणि अद्भुतकथा मागे राहिल्या, आणि ज्या साहित्यप्रकाराला वास्तवाची कोणतीच मर्यादा नाही तोच मागे राहावा हे मला फार लागते.

आमच्या गावातली एक गोष्ट येथे आठवते. दरवर्षी संक्रांतीच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, कुंभारकन्येचा विवाह ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लागतो, आणि पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक नंदीध्वजांच्या साक्षीने अक्षता टाकतात. या सोहळ्याचा समलिंगी प्रेमाशी काहीही संबंध नाही, आणि मला तो जोडायचाही नाही. मी लहानपणापासून श्रद्धेने तिथे उभी राहिले आहे. पण तिथे उभी असताना लग्न या शब्दात किती मावू शकते, हे सोलापूरच्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही, एवढे मात्र मला नेहमी वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी अशा विवाहांना मान्यता देण्यास नकार देऊन तो प्रश्न संसदेकडे सोपवला. या दोन तारखांच्या मधल्या जागेत आज कितीतरी माणसे राहत आहेत. शिधापत्रिकेवर कोणाचे नाव येईल, दवाखान्यात सही कोण करील, म्हातारपणी घर कोणाचे, हे सगळे प्रश्न पुढच्या पन्नास वर्षांचे आहेत, आणि पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करणे हे तर विज्ञानकथेचे रोजचे काम आहे. ज्या लेखकाने २०७५ सालच्या पुण्याची पाण्याची व्यवस्था बारकाईने मांडली त्याने त्या पुण्यातल्या एका घराचे कुलमुखत्यारपत्र मांडायला काय हरकत आहे?

दिवाळी अंक मुलेही वाचतात, हा आक्षेप मी ग्रंथालयात अनेकदा ऐकला. त्याच अंकांत खून, भानामती, नरबळी असतात आणि त्यांविषयी तक्रार घेऊन कोणी माझ्याकडे आले नाही. चादरीच्या कथेत दोन माणसे एका डब्यात जेवतात, याहून जवळिकीचे काहीही नाही. केवळ विषय नवा म्हणून सुमार कथा छापावी असेही मला म्हणायचे नाही. उलट अशा विषयाची कच्ची कथा छापली गेली तर पुढच्या दहा जणांची वाट अडते. आणि अशा पात्राला शेवटी मारून टाकण्याची सवयही सोडायला हवी, हे मी त्या मुलालाही सांगितले. त्याने उत्तर दिले की त्याच्या कथेत एक जण मरतो, पण गोष्ट मागे राहिलेल्याची आहे. त्याचे म्हणणे मला पटले.

१९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. परीक्षकांनी नावाकडे न पाहता कथा पाहावी एवढाच त्यामागे हेतू होता, आणि कथेला बक्षीस मिळाले. संपादकांकडे माझे मागणे याच जातीचे आहे. पात्रांची नावे दोन्ही पुरुषांची आहेत की दोन्ही स्त्रियांची, हे पाहून कथा बाजूला पडू नये. कथा आवाहनात लेखकांना विषयांची यादी दिली जाते, त्यात एवढे एक वाक्य असावे की पात्रांचे नाते कोणतेही असले तरी कथा स्वीकारली जाईल. ते वाक्य वाचून सोलापुरात, लातुरात, मालेगावात कितीतरी वह्या उघडतील. अनुवादाचे संग्रह काढणाऱ्या प्रकाशकांनी स्टर्जन, रस, डिलेनी यांच्या या कथा रीतसर हक्क घेऊन मराठीत आणाव्यात. माझी वही त्यांच्या उपयोगाची नाही, पण कोणा तरुण अनुवादकाला 'मी'चे ते कोडे सोडवायला आवडेल. आपल्या पुरवणीतून दिवाळीपूर्वी कथा मागवल्या जातात, त्या आवाहनापासून याची सुरुवात झाली तर मला फार समाधान होईल.

२००६ साली येथे मारुती चितमपल्ली यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले तेव्हा ग्रंथप्रदर्शनात मी ग्रंथालयासाठी विज्ञानकथांचे संग्रह निवडत दिवसभर फिरले होते. पुन्हा कधी तशी निवड करायची वेळ कोणावर आली, तर त्या गठ्ठ्यात निदान एका पुस्तकात तरी ही कथा असावी असे वाटते. त्या मुलाने आठ पानांची ती लपवलेली प्रत फाडली आहे. मूळ प्रत, 'तो' आणि 'तो' असलेली, यंदा त्याने दुसऱ्या एका अंकाकडे पाठवली आहे आणि उत्तर अद्याप आलेले नाही.

माझे नाव छापू नये ही विनंती. आमच्या भागात माझ्या नावावरून त्याचे नाव शोधणे अवघड नाही, आणि त्याने अजून घरी सांगितलेले नाही.

आपली,
एक निवृत्त ग्रंथालय कर्मचारी,
सोलापूर